लढाऊ विमानात सासूबाई

विमानातलं मला सगळं कळतं, हे मी सासूबाईंना फोनवरच सांगून ठेवलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि आयुष्यात एकदा, नागपूर ते पुणे, विमानात बसलोय. तेही खिडकीशी. त्यामुळे आमच्या बालाघाटच्या बाहेर विमानांचं छोटंसं संग्रहालय उघडलं, तेव्हा सासूबाईंना, म्हणजे विमलाबाईंना, त्यांच्या किरनापूर गावाहून बोलावून घेतलं. त्यांनी जन्मभर धानाच्या बांधावर उभं राहून डोक्यावरून जाणारी विमानं पाहिली होती. एक जवळून दाखवू, आणि जवाई काय चीज आहे तेही दाखवू, असा माझा बेत.

संग्रहालय म्हणजे टिनाची एक उंच शेड. मधोमध एक जुनं लढाऊ विमान, काच वर उघडलेली, बाजूला लोखंडी शिडी. पन्नाशीचा राखणदार महागू म्हणाला, "चढ़ के देखो, पर अंदर बैठना नहीं." आणि पाण्याची बाटली भरायला बाहेर गेला.

"आई, बसा आत," मी म्हटलं.

"तो तर नको म्हणते."

"त्याले काय समजते? मी आहो ना."

माझी बायको संघमित्रा खालून म्हणाली, "काहून बसवता तिले?" पण तोवर सासूबाईंनी नऊवारीचा काचा सावरून पाय आत टाकला होता. बसल्याही ऐटीत, जणू रोज ट्रॅक्टरवर बसतात तशा.

मी शिडीवरून शिकवायला लागलो. हे उंचीचं घड्याळ, हे वेगाचं. "आणि तुमच्या गुडघ्यांमधात ही पिवळी दांडी दिसते ना, ही ओढली का खुर्चीखालचा बारूद फुटते अन् पायलट खुर्चीसकट वर उडते."

"किती वर?"

"शंभर मीटर," मी ठोकून दिलं.

सासूबाईंनी वरच्या टिनाकडे पाहिलं. "मग मी उतरते," म्हणाल्या आणि उठू लागल्या. त्यांचा पदर दांडीत अडकला होता. दांडी बोटभर वर आली. खालून खट्ट असा आवाज झाला.

नेमका तेव्हा महागू आत आला. त्याच्या हातातली बाटली पडली. "अम्मा, हिलना मत!"

सासूबाई अर्ध्या उठलेल्या होत्या, त्या हळूच परत टेकल्या.

"बारूद तर काढला असन ना?" मी विचारलं.

"पता नहीं गुरुजी. हवाई जहाज पिछले महीने आया है. बड़े साहब बोले थे, कुछ भी हो, उस खुर्ची पे कोई नहीं बैठेगा."

बडे साहेब म्हणजे राजेंद्रसाहेब, वायुदलातून निवृत्त झालेले. ते जवळच्या हट्टा गावी लग्नाला गेले होते. महागूने फोन लावला. "साहब, एक अम्मा खुर्ची में..." एवढंच झालं. पलीकडून "हिलने मत देना, मैं आ रहा हूँ" ऐकू आलं आणि फोन कटला. पुन्हा लागेना.

महागू शेडच्या दारापर्यंत मागे सरकला. मी शिडीवरच राहिलो. धैर्य म्हणाल तर तसं नाही. उतरताना शिडी हलली तर, ही भीती. पदर सोडवायला हात पुढे केला, तर तो पदराऐवजी दांडीकडेच जात होता, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "राहू द्या. तुम्हीच ओढसान."

संघमित्राच्या डोळ्यांत पाणी होतं. "माय, हलू नको वो."

"नाही हलत. घाबरू नको." मग त्या माझ्याकडे वळल्या. "जवाईबापू, आता काय भरवसा नाही. एक विचारते, खरं सांगा. बुद्धपौर्णिमेले तुम्ही आले नाही. टायफाइड झालता म्हणे."

माणूस अशा वेळी खोटं बोलू शकत नाही. "नव्हता झाला. मॅच पाहाले नागपूरले गेलतो."

खाली संघमित्राचे डोळे एकदम कोरडे झाले.

"अन् दरसाल मी चिन्नोर तांदळाचं पोतं पाठवते. मागची दोन्ही वर्षं उंदरानं खाल्लं म्हणे."

"उंदरानं नाही. हेडमास्तरले दिलं. जनगणनेची ड्युटी लागू नये म्हणून."

"लागली का मग?"

"लागली."

त्यांनी "हौ" म्हटलं आणि मान हलवली. मला वाटलं हे पुण्यकर्म चाललंय, म्हणून न विचारलेलंही सांगत गेलो. त्यांनी विणलेलं स्वेटर बसमध्ये विसरल्याचं सांगितलं. त्यांचा फोन आला की आंघोळीत असतो, ती आंघोळ कधीच नसते, हेही सांगितलं. संघमित्रा एकेक ऐकत होती.

अर्ध्या तासाने राजेंद्रसाहेब मोटारसायकलवरून आले. लग्नाचा फेटा तसाच डोक्यावर. महागूकडून पदराचं ऐकत धावत शिडी चढले, खुर्चीखाली टॉर्च मारला आणि तिथेच बसकण मारली.

"बारूद तर इथं यायच्या आधीच काढलाय. ही नुसती गंजलेली स्प्रिंग आहे. खुर्ची फाटू नये म्हणून बसू नका म्हणत होतो, आणि हलून ती आणखी फाटू नये म्हणून हलू देऊ नका म्हटलं. चला अम्मा, पदर सोडवतो."

पण पदर कुठेच अडकला नव्हता. तो सासूबाईंच्या मांडीवर नीट घडी करून ठेवलेला होता.

"हा कधी सुटला?" मी विचारलं.

"झाले असतीन वीस मिनिटं," त्या शिडीवर पाय ठेवत म्हणाल्या. "पण तुम्ही खरं बोलून राह्यले होते. मधात काहून उठायचं?"

त्या उतरल्या, पदर झटकला आणि लेकीचा हात धरून दाराकडे निघाल्या. दारात संघमित्राने एकदाच वळून माझ्याकडे पाहिलं.

मी राजेंद्रसाहेबांच्या जवळ गेलो आणि हळूच विचारलं, त्या खुर्चीत बारूद परत भरता येतो का. मला घरी जायचं नव्हतं.