न झाडलेलं अंगण

वानखडे सरांच्या अंगणात पाय कुठे ठेवायचा, हे विचारूनच शिरावं लागे. कडुनिंबाखाली चार खुंट्यांना दोरी बांधलेली होती. तिच्या आतला पाचोळा कित्येक वर्षं कुणी हलवला नव्हता. तो कसा कुजतो, ते सर पाहत. वर जुन्या मच्छरदाणीची झोळी टांगलेली. तिच्यात पडलेली पानं, काड्या, निंबोळ्या ते वेगळ्या करून वाळवत आणि तोलत. कुणी कचरा म्हटलं की चिडत. "कचरा माणूस करते. झाड पाचोळा करते."

मी अकोल्याहून बदली होऊन अमरावतीत आलो आणि त्यांचा शेजारी झालो. सर वनस्पतिशास्त्राचे. उमेदीची काही वर्षं त्यांनी केरळातल्या वर्षावनात पानगळ मोजण्यात घालवलेली. झाडानं वर्षभरात काय कमावलं, ते त्यानं काय टाकलं यावरून बरंचसं कळतं, असं ते सांगत. "तिथं पान बाराही महिने पडते. आपल्या इकडं झाड उन्हाळ्याच्या तोंडावर एकदमच राजीनामा देते."

एकदा कॉलनीत वृक्षारोपण झालं. मांडव, शाली, भाषणं. प्रमुख पाहुण्यांनी गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात रोप लावलं. सरांनी नम्रपणे विचारलं, "मागच्या सालचं काहून दिसून नाही राहिलं?" पुढच्या वर्षीपासून त्यांना निमंत्रण नव्हतं.

त्यांचं खरं भांडण मात्र घरातच, बायकोशी, म्हणजे काकूंशी. पहाटे खराटा हातात घेतल्याशिवाय काकूंचा दिवस सुरू होत नसे. दोरीपर्यंतचं अंगण लख्ख, पलीकडे जंगल. "लोकायच्या घरी माणूस गेल्यावर एवढा पाला साचते," त्या मला म्हणत. "आमच्या घरी जित्यापणीच." त्यावर सर म्हणत, "त्याले झाड म्हणते म्हणून झाडूनच काढावं काय?"

होळीच्या सुमारास काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. खाट खिडकीपाशी आणली. काकूंनी जेवण टाकलं, बोलणं टाकलं. सकाळ झाली म्हणून सांगितलं, तरी डोळे उघडीनात.

काही दिवसांनी सकाळी खराट्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तो सर झाडत होते. दोरी सोडलेली. इतक्या वर्षांचा पाचोळा भिंतीशी ढीग होऊन पडला होता.

"सर, तुमचं मोजमाप?"

"ते गेलं," ते म्हणाले. "खराटा ऐकू आल्याबिगर तिले उजाडल्यासारखं वाटत नाही."

हळूहळू काकू दोन घास खाऊ लागल्या. बोलत मात्र नव्हत्या.

आता श्रावण आहे. कडुनिंब हिरवागार, अंगणात पान नाही. तरी सर रोज ओलसर माती झाडतात. परवा मी म्हटलं, आज तर काही पडलंच नाही.

"आमचं आता वर्षावन झालं. बाराही महिने चालते."

तेवढ्यात खिडकीतून जड जिभेचा आवाज आला.

"कोपरा राहिला."

सरांचा हात थांबला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. "हो," एवढंच म्हणाले आणि कोपऱ्याकडे गेले. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी तो सावकाश, जरा जोरातच आवाज करीत झाडला.