गुरुवारची राखण

"अहो, आणखी एक गेली!" मागच्या दारातून नीनाताईंची हाक आली आणि मुरलीधरराव चहा तसाच टाकून परसात धावले. खुराड्याबाहेर नुसती पिसं. चार कोंबड्यांतली आता एकच उरली होती, आणि कोल्हा कुंपणाशी घरजावयासारखा निवांत बसला होता.

"ही शेवटची. ही गेली की घर विकायचं आणि परत स्लाऊला जायचं," नीनाताईंनी निकाल दिला. "तिथे निदान बोलायला माणसं होती. इथे सहा महिन्यांत पोस्टमनशिवाय कुणी 'हॅलो' म्हटलं नाही."

लंडनजवळच्या स्लाऊच्या गोदामात तीस वर्षं काढल्यावर ब्रिस्टलजवळच्या खेड्यातलं हे घर मुरलीधररावांनी घेतलं, ते केवळ वऱ्हाडातल्या शेताच्या आठवणीपायी. लहानपणी तिन्हीसांजेला ते वडिलांबरोबर भुईमुगाच्या राखणीला माळ्यावर बसत. कोल्ह्याची चाहूल लागली की वडील डबा बडवत आणि आरोळी ठोकत, "हाऽऽ हुर्रर्र!" मग शेजारच्या माळ्यावरून आरोळी यायची, मग त्याच्याही पलीकडून. आपण एकटे नाही, एवढं कळलं की त्या पोराची भीती पळून जायची.

त्यांनी कौन्सिलला फोन केला. तिथल्या बाईंनी अतिशय नम्रपणे खुराडं मजबूत करायला सांगितलं. सुतार दोन आठवड्यांनी येणार होता.

"तोवर मी राखण करतो!" असं म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी आठला स्टीलची थाळी आणि लाटणं उचललं. कोल्हा समोरच्या गल्लीतून येई, म्हणून फाटकातच उभं राहून त्यांनी थाळी बडवली.

समोरचं दार उघडलं. मॉरीनबाई सॉसपॅन आणि पळी घेऊन बाहेर आल्या. मग शेजारचं उघडलं. पाच मिनिटांत सगळी गल्ली वाजवू लागली.

"नीना, ही माणसं का वाजवतायत गं?"

"अहो, आज थर्सडे! आठ वाजलेत! कोरोनात नर्सेससाठी वाजवायचे ना सगळे!"

मॉरीनबाई डोळे पुसत जवळ आल्या. "तुम्ही लक्षात ठेवलंत! माझी मुलगी तेव्हा वॉर्डात होती. आम्ही विसरूनच गेलो होतो."

आता यांच्यापुढे कोल्ह्याचं नाव कोणत्या तोंडानं काढणार? मुरलीधरराव खाली मान घालून "थँक यू" म्हणाले.

आठवडाभर कोल्हा फिरकला नाही. पुढच्या गुरुवारी पावणेआठपासूनच लोक जमले. कुणी लेमन केक आणला, नीनाताईंनी बटाटेवडे तळले. मुरलीधररावांनी थाळी वाजवली, आणि चढून आलेल्या हुरुपात आरोळीही ठोकली. समोरून आरोळी आली, मग चर्चच्या बाजूनं, मग पार टेकडीवरच्या घरातून. त्यांच्या आरोळीला आरोळी मिळून साठ वर्षं झाली होती.

"बाबा, ऐकताय ना?" ते पुटपुटले.

पांगापांग झाल्यावर ते परसात गेले. खुराड्याची जाळी वाकलेली, आत कुणी नाही. गाव पुढे गलका करत होतं, तेव्हा कोल्ह्यानं मागची वाट धरली होती.

ते पडल्या चेहऱ्यानं स्वयंपाकघरात आले. "गेली गं शेवटची. उद्या एजंटला फोन करतो."

"कसला एजंट?" नीनाताई रिकामी परात घासत होत्या. "मॉरीनला वडे शिकवायचं कबूल केलंय मी. पुढच्या थर्सडेला टेकडीवरचेसुद्धा येणारेत."

"अगं, पण कोंबडी..."

"नेऊ दे मेल्याला." त्यांनी नळ बंद केला आणि आवाज खाली आणला. "कोल्ह्याचं मात्र कुणाला सांगू नका हं. मोठ्या मुश्किलीनं माणसं जमलीत."