खरवंडीकरांची उभी सभा

सोमवार, सकाळी साडेसात. पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीसमोर. हजर: श्री. खरवंडीकर (तिसरा मजला), श्री. लिमये (तळमजला), श्री. बोरकर (दुसरा मजला, भाडेकरू) आणि मी (पहिला मजला, सेक्रेटरी). गैरहजर: खजिनदार, कळवून. बसलेले: कोणीही नाही.

शेवटची नोंद मुद्दाम केली आहे. आमच्या सोसायटीच्या कमिटीला बसायची परवानगी नाही. खरवंडीकर अध्यक्ष झाल्यापासून आम्ही रोज सकाळी उभे असतो. "बसला की माणूस लांबतो," असं त्यांचं म्हणणं आहे. यात तथ्य आहे, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. पूर्वी आमच्या सभा लिमयांच्या दिवाणखान्यात भरायच्या. पोहे व्हायचे, चहा व्हायचा, कोणाची तरी मुलगी परदेशात कुठे असते ते समजायचं आणि गच्चीच्या गळतीचा विषय पुढच्या सभेवर जायचा. गळती आपली गळत राहायची.

खरवंडीकरांची सगळी नोकरी संगणकाच्या कंपन्यांत गेली. पुण्यात हिंजवडीला नुसती शेतं होती तेव्हापासून ते या धंद्यात. शेवटची काही वर्षं ते टीम चालवायचे. म्हणजे स्वतः काही बनवायचं नाही, पण बनवणाऱ्यांना अडू द्यायचं नाही, असं ते काम. मग कंपनीने तरुण मंडळींना जागा करून द्यायचं ठरवलं आणि खरवंडीकर घरी बसले. बसले असं आपलं म्हणायचं. त्यांची टीम गेली, पद्धत राहिली. ती पद्धत आमच्या अंगावर आली.

सकाळी ते प्रत्येकाला तीन गोष्टी विचारतात. काल काय केलं, आज काय करणार आणि अडलंय कुठे. पुण्यात माणसाला 'अडलंय कुठे' असं विचारणं किती धोक्याचं असतं, याची त्यांना कल्पना नव्हती. पहिल्याच दिवशी लिमये म्हणाले, "मी कुठेच अडलेलो नाही. तुम्ही माझ्या स्कूटरसमोर अडून उभे आहात."

खरवंडीकर दोन पावलं सरकले आणि शांतपणे म्हणाले, "बघा. विचारलं म्हणून कळलं."

बोरकर वर्ध्याहून आलेला मुलगा. हिंजवडीला नोकरी करतो आणि भाडेकरूंचा प्रतिनिधी म्हणून आमच्यात आहे. त्याची अवस्था सगळ्यांत बिकट. "काका," तो म्हणाला, "हापिसात दहा वाजता हेच करतो जी मी. तिथं पगार तरी भेटते."

"इथे पाणी भेटतं," लिमये म्हणाले. "तेही आलं तर."

मीटरच्या खोलीच्या दारावर खडूने तीन रकाने आखले आहेत: करायचं, चाललंय, झालं. प्रत्येक काम एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून दाराला चिकटवायचं आणि पुढे सरकेल तसं डावीकडून उजवीकडे न्यायचं. मी स्वतः एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. याद्या केल्याशिवाय मला झोप येत नाही. त्यामुळे दाराशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तिसऱ्या रकान्याशी, कारण त्यात चिठ्ठी जाणं म्हणजे दिव्य.

"झालं म्हणजे नक्की काय झालं?" हे खरवंडीकरांचं पालुपद. प्लंबर येतो, नळ बदलतो, हात पुसतो आणि "झालं साहेब" म्हणतो. की खरवंडीकरांचा प्रश्न तयार. नळ बसला म्हणजे झालं, की थेंब थांबला म्हणजे झालं, की रात्रभर थांबला म्हणजे झालं? आमच्या प्लंबरने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ह्यांचं घरी कसं चालतं?"

घरी असंच चालतं. ते मंडईत रोज जातात आणि एका दिवसापुरतीच भाजी आणतात. आठवड्याचा बाजार एकदम करणं म्हणजे अंदाजपंचे, असं त्यांना वाटतं. बुधवारी आपल्याला वांगं खावंसं वाटेल हे रविवारी कोण सांगणार? "लहान तुकडा पाडा," ते म्हणतात. "लहान तुकडा चुकला तर लहानच चुकतो."

पत्त्यांचं प्रकरण सांगितलं नाही तर हे चित्र अपुरं राहील. एखादं काम किती जड आहे हे ठरवायला खरवंडीकरांनी पत्त्यांचा जोड आणला. काम सांगायचं, प्रत्येकाने मनाशी तोलून एक पान काढायचं आणि सगळ्यांनी एकदम उघडायचं. हलकं काम म्हणजे दुर्री, अगदी जड म्हणजे बादशहा. एकदम का? तर एकाने आधी तोंड उघडलं की बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

पहिलं काम होतं पाण्याची टाकी धुणं. मी दुर्री टाकली, बोरकरने चौकट सत्ती आणि लिमयांनी बादशहा.

"टाकी धुवायला बादशहा?" मी विचारलं.

"तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता. टाकी धुतली की गाळ कुणाच्या न्हाणीत येतो?"

इतकी वर्षं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तो बादशहा योग्य होता. पण नेमकं त्याच वेळी दूधवाला फाटकातून आत आला. दोन दिवसांत शनिवार पेठेतून लिमयांच्या बहिणीचा फोन: "काय रे, सकाळी आंघोळीच्या आधी जुगार खेळता म्हणे तुम्ही?"

हे सगळं गमतीचं वाटेल, पण मूळ गोष्ट गमतीची नव्हती. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. बांधली तेव्हा सगळेच जिने चढणारे होते. खरवंडीकरांच्या पत्नी मंगलवहिनी, त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं बरंचसं परत आलं, पण डावी बाजू पूर्वीसारखी झाली नाही. दवाखान्यातून घरी आल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच राहिल्या. त्यानंतर त्या खाली उतरल्याच नाहीत. खरवंडीकरांनी अध्यक्षपद मागून घेतलं ते त्यासाठी, हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते स्वतः कधी बोलले नाहीत.

'लिफ्ट' ही चिठ्ठी पहिल्या रकान्यात अगदी तळाशी असायची. वर गळती, मग टाकी, मग फाटक. कुठलं काम आधी घ्यायचं यावर मत घ्यायचे तेव्हा खरवंडीकर स्वतःचा हात वर करत नसत.

एकदा मी त्यांना गाठलं. "अहो, तुम्हीच बोला की. कोणी नाही म्हणणार नाही."

"जो टीम चालवतो त्याने स्वतःचं काम वर ढकलायचं नसतं, ज्योतीताई. मग ती टीम राहत नाही. ताबेदारी होते."

"आणि वहिनी?"

ते दाराकडे बघत म्हणाले, "गळतीचं होऊ दे. माणसांना एकदा काम संपलेलं दिसलं की मग ती मोठ्या कामाला घाबरत नाहीत."

मला राग आला होता. पण गळती थांबली. खरोखर थांबली, पावसाळाभर तपासून, मगच चिठ्ठी हलली. मग टाकीचं झालं. फाटक कुरकुरायचं थांबलं. आणि एके सकाळी बोरकरनेच 'लिफ्ट'ची चिठ्ठी उचलून वर लावली. "आता हे घेऊ ना काका," तो म्हणाला.

विरोध होता तो लिमयांचा. "मी तळमजल्यावर राहतो. मला लिफ्ट कशाला? तळघरात जायला? आणि आपल्याला तळघरही नाही."

दुसऱ्या कोणी वाद घातला असता, कायदा काढला असता. मी तर नियमांची फाइल घेऊनच उभी होते. खरवंडीकर म्हणाले, "लिमये, तुमचं बरोबर आहे. आवाज तुमच्या भिंतीला, धूळ तुमच्या खिडकीत. सगळ्यात जास्त त्रास तुम्हालाच. म्हणून हे काम तुम्हीच सांभाळा. तुम्ही सांगाल तेव्हा ठोकाठोक सुरू, तुम्ही सांगाल तेव्हा बंद."

लिमये टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्याच्या कामावर देखरेख करायला मिळणं ही त्यांच्या आयुष्यातली हरवलेली गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी मी खाली आले तर ते सभेला सगळ्यांच्या आधी उभे, डोक्यावर टोपी, हातात मोजपट्टी. पुढचे महिने त्यांनी त्या लिफ्टच्या माणसांचं जिणं नकोसं केलं. दुपारी एक ते चार हातोडी बंद. वीट ओली करूनच लावायची. मिस्त्री "झालं" म्हणाला की लिमये विचारायचे, "झालं म्हणजे काय झालं?" खरवंडीकर बाजूला उभे राहून ऐकायचे. मी त्यांना हसताना पाहिलं ते त्याच दिवसांत.

लिफ्ट झाली. खऱ्या अर्थाने झाली, परवान्यासकट. लिमयांनी नारळ फोडला. सगळी इमारत पार्किंगमध्ये जमली, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून. खरवंडीकर नवीन सदरा घालून वहिनींना आणायला वर गेले. आम्ही दाराच्या वरचा लाल आकडा बघत उभे. तीन. बराच वेळ तीन. मग दोन, एक, शून्य. दार उघडलं. आत खरवंडीकर एकटेच.

"थांबताना थोडा हिसका बसतोय," ते म्हणाले. "ती घाबरली. हिसका काढून घेऊ. मग येईल."

पेढे वाटले गेले.

तेव्हापासून खरवंडीकर लिफ्टच्या मागे आहेत. हिसका काढला. मग दार फार पटकन मिटतं असं वाटलं, ते सावकाश केलं. मग दिवा फार पांढरा वाटला, तो बदलला. मग आत धरायला दांडा हवा, तोही उजव्या हाताला. प्रत्येक वेळी दारावर नवीन चिठ्ठी. तपासणीपुरते तेवढे ते लिफ्टमध्ये जातात. एरवी हातात भाजीची पिशवी घेऊन जिन्यानेच चढतात. विचारलं तर म्हणतात, "आधी तिने वापरू दे."

गेल्या आठवड्यात मी वहिनींकडे गेले. भगर आणि आमटी केली होती, तेवढंच निमित्त. या मंगलवहिनी एके काळी दूध आणायलासुद्धा इस्त्रीच्या साडीशिवाय उतरत नसत. केसांत फूल नसलं तर चुकल्यासारखं वाटायचं आम्हालाच. आता खिडकीशी गाऊनवर बसल्या होत्या. जीभ जरा सावकाश चालते, पण चालते नेमकी.

"वहिनी, आता हिसका नाही बसत हं," मी म्हटलं. "मी रोज जाते-येते."

"हिसका कधी नव्हताच गं."

मी आमटीचं भांडं खाली ठेवलं.

"मला दवाखान्यात नेलं तेव्हा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवलं. तोंड वाकडं, केस सुटलेले, अंगावर काय होतं तेही मला माहीत नव्हतं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी. सगळे बघत होते. बिचारे काळजीनेच बघत होते, मला कळतं. पण बघत होते." थांबून त्यांनी श्वास घेतला. "त्या दिवशी नारळ फोडलात तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. परत सगळे उभे. माझीच वाट बघत."

"मग त्यांना सांगा ना हे."

"कसं सांगू? माणूस एवढा राबलाय. सगळ्या बिल्डिंगला विचारत फिरले, तुम्हाला काय हवं, तुमचं कुठे अडलंय. मला तेवढं विचारायचं राहिलं. हे सांगितलं तर मोडून जातील. हिसका म्हटल्यावर त्यांना बरं वाटतं. दुरुस्त करता येतं ना काहीतरी."

"तुम्हाला यायचंय का खाली?"

"यायचंय गं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "पण कोणी बघायला नसताना. पहिल्यांदा तरी. तू सांग त्यांना. तुला बरोबर शब्द सुचतील."

मी हो म्हटलं. काम साधं होतं. एक वाक्य सांगायचं. माझ्या हाताखालून रोज शंभर कामं निघतात. पण गेल्या आठवड्यात ते दिसले की मला दुसरंच काहीतरी आठवायचं. पाण्याचं बिल, कुंड्या, काहीही.

आज सकाळी आम्ही उभे होतो. बोरकरचं झालं, लिमयांचं झालं. मग खरवंडीकरांनी नवीन चिठ्ठी काढली. "लिफ्टमध्ये आरसा लावतोय," ते म्हणाले. "पूर्ण उंचीचा, समोरच्या भिंतीला. मंगल घरातून निघताना दोनदा तरी आरशात बघायची. तिला बरं वाटेल."

लिमयांनी मोजपट्टी काढली आणि माप घ्यायला लिफ्टमध्ये गेले. बोरकर मोबाइलमध्ये बघू लागला. मी म्हटलं, "छान होईल." का म्हटलं, देव जाणे.

सभा संपली. मी त्यांना हाक मारणार होते. ते पिशवी उचलून जिन्याला लागले. त्यांची पावलं पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

आरसेवाला गुरुवारी सकाळी येणार आहे. त्याच्या आत मला खरवंडीकरांशी बोलायचं आहे. अजून बोललेले नाही.