कोंबड्यांचा मेंढपाळ

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतील समस्त शेतकरी बंधू-भगिनी, सोसायटीचे आजी-माजी पदाधिकारी आणि रस्त्याने जाणारे-येणारे लहानथोर वाटसरू यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, धुळाआबांचा वाडा उद्यापासून आमच्या बाजरीच्या रानात बसणार आहे. तरी सर्वांनी आपापली कुत्री बांधून ठेवावीत.

हे निवेदन मी माझ्या पिठाच्या गिरणीच्या दारात उभा राहून, अंगावरचं पीठ झटकत, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात केलं होतं. दळणाला आलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. वाडा बसवणं म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सुगी झाली, रान मोकळं झालं, की मेंढपाळाला आवतण द्यायचं. त्यानं मेंढरं आपल्या रानात मुक्कामाला बसवायची, लेंड्यांचं खत रानाला मिळायचं, आणि त्याच्या बदल्यात मेंढपाळाला धान्य द्यायचं. चोख व्यवहार. बापजाद्यांपासून चालत आलेला.

धुळाआबांच्या वाड्यात मेंढरं नव्हती, एवढाच काय तो फरक. कोंबड्या होत्या.

हा काळ रांजणगावात कंपन्या नव्यानं उभ्या राहत होत्या तेव्हाचा. आमच्या भागात पाणी आलं, माळ मोडून ऊस उभा राहिला, आणि मेंढरांना चरायला जागाच उरली नाही. त्यात आबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. शेवटी आबांनी कळप विकला. मेंढरं विकली गेली, पण मेंढपाळ काही विकला गेला नाही. तो घोंगडी खांद्यावर टाकून दारात उभाच राहिला. समोर बघतो तर अंगणात कोंबड्या. या कोंबड्याही साध्यासुध्या नव्हत्या. दिवाळीनंतर कळप कोकणात उतरायचा तेव्हा घोडीच्या पाठीवर बांबूच्या डालग्यात बसून त्यांनीही प्रवास केलेला. आबांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी आबांकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं जे दृश्य पाहिलं ते गाव अजून विसरलेलं नाही.

पुढे कोंबडा. त्याच्या पायात घुंगरू. त्याच्यामागे गावरान कोंबड्यांचा पांगलेला थवा. त्यामागे तांबडी घोडी, पाठीवर दोन्ही बाजूंना मोकळी डालगी. आणि सगळ्यांत मागे लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी अशा थाटात आबा. कोंबड्या चरायला निघाल्या होत्या. चालून दमल्या की डालग्यात बसून परत यायच्या.

कोंबड्यांची नावं त्यांनी जुन्या मुक्कामांवरून ठेवली होती. आबा रानात असले की लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, एसटीचा कंट्रोलर बोलतोय. "भोर, मागं फिर. महाड कुठं ऱ्हायली? वरंधा, तुला किती येळा सांगितलं, पाटात जाऊ नगं म्हनून." कोंबड्याचं नाव कारभारी. आबांची बायको सगुणाकाकू हिशेबानं बोलणारी बाई, पण कारभाऱ्याचा विषय निघाला की म्हणायची, "आमच्या घरात कारभारी दोन हायेत. त्यातल्या एकालाच पहाटं जाग येती."

आबांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते येताजाता सांगत. "हिंडंल ते जितराब, बसंल ते भांडं." जितराब म्हणजे पाळीव जनावर. एकदा पोल्ट्रीच्या शेडचा प्रचार करणारा एक गृहस्थ मोटारसायकलवरून आला. माझ्या गिरणीपुढेच त्यानं आबांना गाठलं. म्हणाला, "आबा, शेड टाका. पिंजरे लावा. कोंबडीला हिंडायची गरजच नाही. जागेवर बसून अंडं देईल."

आबांनी घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "जाग्यावर बसून तर आमच्या सोसायटीचा चेअरमनबी असतो. त्यानं कवा दिलंय?"

गृहस्थांनी किक मारली. त्यानंतर ते आमच्या गावात दिसले नाहीत. चेअरमन मात्र त्या वेळी गिरणीत दळण घेऊन बसले होते, आणि ते पुढचे कित्येक दिवस माझ्याकडे दळायला आले नाहीत. बोलले आबा, भोगलं मी.

आता तो वाडा. मी गमतीनं आवतण दिलं आणि आबांनी ते गंभीरपणे घेतलं. ठरल्या संध्याकाळी ते सगळा लवाजमा घेऊन आमच्या रानात हजर. मेंढरांभोवती लावायची जाळी, जिला वाघर म्हणतात, ती त्यांनी खुंट्या ठोकून ताणली. कोंबड्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि एकेक करून भोकांतून शांतपणे बाहेर आल्या. आबांनी सगुणाकाकूंची जुनी लुगडी आणून जाळीला आतून शिवली. हिरवं, जांभळं, ठिपक्यांचं असं ते कुंपण लांबून लग्नाच्या मांडवासारखं दिसत होतं.

पण मेंढरू आणि कोंबडी यांच्यात एक मूलभूत मतभेद आहे. दिवस मावळला की मेंढरू खाली बसतं. कोंबडी वर बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझी बायको खत बघायला गेलो, तर रान जसंच्या तसं. धुतल्यासारखं स्वच्छ.

"आबा, रानात तर काहीच दिसत नाही," मी म्हणालो.

"वर बघा," आबा म्हणाले.

बांधावरच्या बाभळीवर सगळा कोकणचा रस्ता बसला होता. भोर शेंड्याला, महाड मधल्या फांदीवर. बाभळीचं खोड खालपर्यंत पांढरं झालं होतं. दोन पोक्त कोंबड्या घोडीच्या पाठीवर होत्या आणि घोडी जागच्या जागी डुलक्या घेत होती.

"छान झालं," माझी बायको म्हणाली. "बाभळीला खत मिळालं. आता काटे कसे जोमानं येतील."

आबा विचलित झाले नाहीत. "वैनी, पयलाच मुक्काम हाय. जितराबाला रानाची वळख व्हायला येळ लागतो. तुमी आमचं धान्य काढा."

रीत म्हणजे रीत. बायकोनं सूपभर बाजरी आणून दिली. आबांनी ती घेतली आणि आमच्यादेखत, पेरणी करावी तशी, मूठमूठ करून सगळ्या रानात फेकली. कोंबड्या बाभळीवरून धपाधप उतरल्या आणि दिवसभर ते रान उकरत, चिवडत, किडे वेचत हिंडल्या. संध्याकाळी आबांनी काठीनं जागा दाखवत मला रानभर फिरवलं. "हे काय? आन् हे? आता म्हना खत झालं न्हाई." झालं होतं. पुढच्या साली त्या तुकड्यात कांदा बरा आला, हे मी बायकोसमोरही कबूल करतो.

त्यांच्याकडून अंडी विकत घेणं हाही एक सोहळाच असे. "कुनाचं देऊ? भोरचं का महाडचं?"

"फरक काय आबा?"

"भोर पाटाकडनं चरती. महाड बांधानं. तुमाला पित्त हाय, तुमी महाडचं न्या."

मला पित्त आहे हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. पण रांजणगावच्या कंपन्यांतले साहेब लोक गावरान अंड्यांसाठी गाड्या घेऊन यायचे आणि आबांपुढं हात बांधून आपापल्या प्रकृतीची कहाणी सांगायचे, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

पहिले काही महिने आबांचा वाडा नेहमी रस्त्याकडेच्या रानात असे. मग एकाएकी त्यांनी रस्ता सोडला. कुणी कडेचं रान देऊ केलं की म्हणत, "नगं. आतलं द्या. डिझेलच्या धुरानं अंड्याचं कवच काळं पडतं." मी अंडी उन्हात धरून पाहिली. होती तशीच होती.

खरं कारण सगुणाकाकूंनी सांगितलं. दळण घेऊन आल्या होत्या, गिरणीत दुसरं कुणी नव्हतं. मी गिरणी बंद केली आणि त्या जोत्यावर टेकल्या.

आबांचा एकुलता एक मुलगा मल्हारी. रांजणगावला कंपनीत लागला होता आणि नुकताच कायम झाला होता. गावातून कंपनीच्या बसनं जायचा-यायचा. आभाळी रंगाचा शर्ट, छातीवर कंपनीचं नाव. बस आमच्या रस्त्यानं जायची आणि आबा रस्त्याकडेला कोंबड्या वळत उभे असायचे. मग बसमध्ये सुरू व्हायचं. "म्हाळू, बाप बघ तुझा, कोंबड्या हाकतोय." कुणी कोंबड्यासारखं आरवायचं. हिंदीवाली पोरं त्याला मुर्गीवाला म्हणायला लागली.

"एक दिस जेवताना पोरगं म्हनलं, आबा, बसच्या टायमाला रस्त्याला येत जाऊ नगा," काकू सांगत होत्या. "खाली मान घालून म्हनलं. आन् ह्यांनी काय म्हनावं? बरं म्हनले. भाकरीचा तुकडा मोडला आन् बरं म्हनले."

"मग त्यात काय," मी म्हणालो. "भांडण तर झालं नाही."

"त्येच की अण्णा. ह्यो मानूस चेअरमनला सोडत न्हाई. पोराशी भांडला आसता तर मला घास गोड लागला आसता."

त्यानंतर मी लक्ष ठेवून असायचो. आबांना रस्ता ओलांडायचा असला की ते आधी माझ्या गिरणीच्या मागच्या भिंतीला येऊन थांबत. भिंतीआडून विचारत, "अण्णा, पयल्या शिफ्टची गाडी गेली का?" गेली म्हटलं की कारभाऱ्याला पुढं घालून ओलांडत. नाही म्हटलं तर भिंतीच्या सावलीत कोंबड्या डालग्याखाली झाकून, उकिडवे बसून राहत. मेंढरांचा अख्खा कळप घेऊन घाट उतरलेला माणूस, स्वतःच्या गावात भिंतीआड बसलेला. मला ते बघवत नसे, म्हणून मी उगाच गिरणीचा आवाज वाढवायचो.

आणि मग हुलग्यांचा दिवस उजाडला.

आमच्याकडे डांबरी रस्ता म्हणजे सगळ्या गावाचं सामायिक खळं. हुलगे काढले की वाळलेली झाडं रस्त्यावर पसरायची, गाड्या वरून जातात, शेंगा आपोआप फुटतात. बैलांची पात धरायला नको, मळणीयंत्राची वाट बघायला नको. मीही गिरणीसमोर हुलगे पसरले होते. दुपारपर्यंत ट्रक आणि जीपगाड्यांनी काम चोख केलं होतं आणि रस्त्यावर दाण्यांचा सडा पडला होता.

आबा मागच्या भिंतीला आले. "गेली का अण्णा?"

"अजून नाही. थांबा जरा."

आबा थांबले. कारभारी थांबला नाही. हुलग्याचा रस्ता त्याला दिसला, आणि घुंगरू वाजवत तो डालगं उलटून निघाला. त्याच्यामागे अख्खा वाडा. मी दारातून हाकलतोय, आबा मागून हाका मारताहेत, आणि वळणावरून बस आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. कोंबड्यांनी एकच कालवा केला आणि जीव वाचवायला त्यांना सापडली ती जागा म्हणजे नेमकी बसच्या खालची. निम्म्या चाकांआड, काही पार मधोमध.

"ओ बाबा, तुमची पोल्ट्री काढा खालनं," ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून ओरडला. "पोरांना घरी जायचंय."

आबा गिरणीआडून पुढे आले. पण येताना त्यांनी एक गोष्ट केली. घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली आणि नाकापर्यंत ओढली. भर दुपारी, कडक उन्हात. ते बसजवळ आले, वाकायचा प्रयत्न केला, गुडघे मोडेनात. पुन्हा वाकले. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली होती, आरवण्याची हौसही कुणी भागवून घेतली. एकाच खिडकीतलं डोकं पलीकडच्या बाजूला वळलेलं होतं. आबांनी सगळ्या खिडक्यांकडे पाहिलं, ती एक सोडून.

मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "म्हाळू, तुझाच बाप हाय का रं त्यो?"

आणि खोळीतून आबाच बोलले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "न्हाई बाबा. मी हितला न्हाई. फिरस्ता हाय. वरल्या अंगाला चाललोय."

मग दार उघडलं. मल्हारी उतरला. कुणाकडे न बघता तो रस्त्यावर पालथा पडला आणि नव्या कोऱ्या आभाळी शर्टानिशी बसखाली सरपटत गेला. आत धडपड, पंखांची फडफड, एक कचकचीत शिवी. मग एकेक कोंबडी बाहेर यायला लागली. पाय धरून तो बाहेर सरकवायचा, मी उचलून डालग्याखाली टाकायचो. शेवटच्या दोन घेऊन तो स्वतःच बाहेर आला तेव्हा शर्टावर ग्रीस होतं, केसात हुलग्याचा पाला होता आणि कानापाशी चोच लागून रक्त आलं होतं.

"सोड ना त्या म्हाताऱ्याच्या कोंबड्या," ड्रायव्हर म्हणाला. "कोन लागतो तुझा?"

"बाप हाय माझा," मल्हारी म्हणाला. त्याचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत गेला. "आन् ह्या आमच्याच कोंबड्या हायेत. जावा तुमी, मी चालत येतो आबासंगं."

ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला.

आबांच्या डोक्यावरची खोळ घसरली. ते मल्हारीच्या अगदी जवळ आले आणि त्याची बाही ओढली. जे म्हणायचं होतं ते त्यांनी कुजबुजून म्हणायचं ठरवलं असावं. पण उभा जन्म माळावर हाका मारण्यात गेलेल्या माणसाला कुजबुजता कुठून येणार. बसनं ऐकलं, रस्त्यानं ऐकलं, गिरणीतल्या बायकांनी ऐकलं.

"आरं, हळू बोल की. बसमधली मान्सं ऐकत्याल."