चार ओळींचा खुलासा

मंगळवारी सकाळी सात वाजता ॲडव्होकेट रेणुकादास निटूरकरांच्या घरचा फोन वाजला तो वाजतच राहिला. आठ वाजेपर्यंत त्यांची मुलगी मालविका अकरा जणांच्या मते डॉक्टर होऊन बसली होती.

"सहाशे एक्केचाळीस मार्क! वकीलसाहेब, आम्हाला सांगितलं पण न्हाई! पेढे कधी देतावं?"

रेणुकादासांनी 'दैनिक मांजराकाठ' उघडला. शेवटच्या पानभर शिवमूर्ती सरांच्या क्लासची जाहिरात होती. बेचाळीस पासपोर्ट फोटो, खाली मार्क. तिसऱ्या रांगेत मालविका, आणि तिच्या हनुवटीखाली ६४१.

खरं तर मालविकेला 'नीट' परीक्षेत दोनशे अठरा मार्क पडले होते. दोन दिवस ती रडली, तिसऱ्या दिवशी तिनं डोळे पुसले आणि नांदेडला लॉ करायचं ठरवलं. शिवमूर्ती सरांकडं ती एकूण तीन दिवस गेली होती, तेही फुकटच्या डेमोला. फॉर्मवर फोटो मात्र चिकटवला होता. लातुरात एकदा फॉर्मवर फोटो चिकटवला की तो कोणत्या भिंतीवर उगवेल याचा नेम नसतो.

"बाबा, मी बाहेर कशी पडू?" मालविका म्हणाली. "ज्यांना खरे मार्क माहीत आहेत ते हसायलेत, आणि ज्यांना नाहीत ते पाया पडायलेत."

दहा वाजता भर पडली. गुणवंतांचा सत्कार करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "रविवारी पहिली शाल मालविकेला. पत्रिका छापून झाली, आता नाही म्हणू नका!" आणि नाही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

"रविवारच्या आत चार ओळींचा खुलासा छापून आणते," सौदामिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही आणता. पेपरचे वकील तुम्हीच आहात ना?"

हेच तर दुखणं होतं. पंचवीस वर्षं रेणुकादास 'मांजराकाठ'चे वकील होते. पेपर, मग पेपरच्या मालकांचं केबल, आता त्यांची वेबसाइट आणि मोबाइलवरचं ॲप, या सगळ्यांवर झालेला प्रत्येक दावा त्यांनी हाणून पाडला होता. सुरुवात भूकंपाच्या सालची. औसा तालुक्यातला लिंबाजी नावाचा माणूस ढिगाऱ्यातून जिवंत निघाला आणि 'मांजराकाठ'नं त्याचं नाव मृतांत छापलं. भावकीनं डोकी भादरली. लिंबाजीचं म्हणणं एवढंच होतं, की तो जिवंत असल्याच्या चार ओळी छापा. पेपरनं छापल्या नाहीत. शेवटी तो कोर्टात आला, तेव्हा तरण्या रेणुकादासांनी बोट दाखवून विचारलं, "महाराज, वादी समोर धडधाकट उभा आहे. मग नुकसान काय झालं ते दाखवा!" कोर्टात हशा पिकला. लिंबाजी हरला. त्या हशावर रेणुकादासांची वकिली उभी राहिली, आणि त्याबद्दल त्यांना कधी लाज वाटली होती असं कुणाच्या ऐकिवात नाही.

त्याच दुपारी ते मालक निजामोद्दीनसाहेबांकडं तणतणत गेले.

"निजामभाई, हे काय छापलंय? उद्या खुलासा पाहिजे!"

"वकीलसाब, शर्मिंदा हूँ," निजामोद्दीन कळवळून म्हणाले. "बिटिया आमचीच हाय. पण खुलासा कसा छापू? लेखी नोटीस आल्याबिगर एक अक्षर मागं घ्यायचं न्हाई, हे तुम्हीच तर शिकवलं."

"अहो, पण मीच सांगतोय ना!"

"तोंडी सांगणाऱ्याला चहा पाजून वाटंला लावायचं, हे पण तुम्हीच शिकवलं." निजामोद्दीननी चहा मागवला.

त्यांचा मुलगा जीशान वेबसाइट बघायचा. तो आदबीनं म्हणाला, "अंकल, साइटवरून काढायचं तर तक्रारीचा फॉर्म भरा. तीस दिवसांत उत्तर येतं."

"तीस दिवस? कुण्या गाढवानं ठरवले तीस दिवस?"

जीशाननं नजर खाली घातली. चहा आला. रेणुकादास तो न पिताच जिना उतरले.

बुधवारी त्यांनी नोटीस दिली, आणि काय नोटीस होती! शब्दाशब्दातून वाफ निघत होती. 'एका निष्पाप मुलीच्या अब्रूचा बाजार' वगैरे त्यात दोनदा होतं. आपल्याविरुद्ध इतक्या वर्षांत एकही अशी नोटीस कुणी लिहिली नाही, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

'मांजराकाठ'च्या कचेरीत रीत अशी, की नोटीस आली की ती न वाचता वकिलाकडं धाडायची. वकिलाच्या कचेरीत रीत अशी, की कारकून ग्यानोबानं ठरलेलं उत्तर काढायचं, मोकळ्या जागा भरायच्या आणि सहीच्या गठ्ठ्यात घालायचं. गुरुवारी दुपारी कोर्टाच्या आवारात, कडुलिंबाखाली, स्कूटरच्या सीटवर गठ्ठा ठेवून रेणुकादासांनी एकोणतीस सह्या केल्या. तोंडानं ते शेजारच्या वकिलांना शिवमूर्ती सरांचा नालायकपणा समजावून सांगत होते.

शुक्रवारी संध्याकाळी घरी लिफाफा आला.

"ऐका!" रेणुकादासांनी चष्मा चढवला. "'आपल्या नोटिशीतील मजकूर सपशेल नाकबूल. जाहिरातीशी आमच्या अशिलाचा संबंध नाही. आपली... कन्या... हिचे काय नुकसान झाले हे आपण दाखवू शकलेला नाहीत. उलटपक्षी तिचा लौकिक वाढला आहे.' लौकिक! पोरगी चार दिवस दाराबाहेर पडली नाही, आणि लौकिक! कोण आहे हा निर्लज्ज वकील? ह्याला लेकीबाळी नाहीत का? ह्याची सनद रद्द करायला लावतो!"

सौदामिनीबाईंनी चष्म्याशिवायच कागद बघितला. "ह्याला एक लेक आहे," त्या म्हणाल्या. "खालची सही बघा."

रेणुकादासांनी सही बघितली आणि ते खुर्चीत बसले. मालविका पहिल्यांदाच हसली, पण ते हसू बघून त्यांना जास्तच वाईट वाटलं.

ग्यानोबाला बोलावणं गेलं.

"अरे शहाण्या, नोटिशीवर माझं नाव होतं!"

"नावाकडं मी बघतच न्हाई साहेब. नाव बघून उत्तर बदलायचं न्हाई, असं तुम्हीच म्हणलाव."

"आणि पत्ता? पत्ता तरी ओळखीचा वाटला नाही?"

"वाटला की! म्हणून तर पोस्टात न्हाई टाकलं. जाता जाता इथंच दिलं."

शनिवारी रेणुकादास पुन्हा निजामोद्दीनसाहेबांकडं गेले. निजामोद्दीन आता खरोखरच रडकुंडीला आले होते. "वकीलसाब, कालच आम्ही सगळं नाकबूल केलंय. आज खुलासा छापला तर आमचाच वकील खोटा पडतो. तुम्हीच सांगा, काय करू?"

स्वतःच्याच उत्तराला तोड काय, याचा रेणुकादासांनी कधी विचारच केला नव्हता.

रविवारी सभागृह भरलं. मालविकेचं नाव पुकारलं, अध्यक्षांनी शाल उलगडली, आणि तिनं ती खांद्यावर पडायच्या आत माइक धरला.

"फोटो माझा आहे, मार्क माझे नाहीत," ती म्हणाली. "मला दोनशे अठरा पडलेत. मी त्या क्लासला तीन दिवस गेले होते. बाबांनी पेपरला नोटीस दिली, पेपरच्या वकिलानं उत्तर दिलं की माझं काही नुकसान झालं नाही. तो वकील पण बाबाच. मी नांदेडला लॉला चाललेय. शाल दुसऱ्या कुणाला द्या."

मागं खुर्च्या लावणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तेवढ्या टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर तो पुढं आला.

"पोरी, वकील व्हायलीस? मग माझं बी एक काम घे. पंचवीस वर्षं झाली, चार ओळी छापून मिळंनात."

रेणुकादासांनी त्याला ओळखलं आणि त्यांचं तोंड उतरलं. "लिंबाजी... तुम्ही इथं?"

"हाव, वकीलसाहेब. धडधाकट हाय अजून. तुम्ही इचारलं व्हतं, नुकसान काय झालं. तवा मला सांगता आलं न्हाई. माझी माय माहेरच्या गावाला व्हती. तिनं पेपर ऐकला अन् अंथरूण धरलं. मी समोर जाऊन हुबा राह्यलो तर मलाच म्हणायची, पेपरात आलंय, तू खोटा हाईस. तशीच गेली."

लिंबाजी हे रागानं बोलला नाही, म्हणूनच रेणुकादासांना ते ऐकवेना. लिंबाजीचा हात धरून ते तिथंच उभे राहिले. मंडळाच्या फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला.

त्या संध्याकाळी मालविकेनं लिंबाजीच्या नावानं साध्या कागदावर नोटीस लिहिली. सोमवारी ती नोटीस 'मांजराकाठ'मधून न वाचता वकिलाकडं आली, ग्यानोबानं मोकळ्या जागा भरल्या, गठ्ठा स्कूटरच्या सीटवर आला. पण या खेपेला रेणुकादासांनी प्रत्येक कागद वाचला. ठरलेलं उत्तर त्यांनी टराटरा फाडलं आणि स्वतःच्या अक्षरात दोन खुलासे लिहिले. एक मालविकेचा. दुसरा चारच ओळींचा: लिंबाजी जिवंत आहेत, तेव्हाही होते, चूक आमची होती, माफी मागतो. ग्यानोबाला म्हणाले, "कालचा फोटो जोडून निजामभाईंच्या हातात दे. म्हणावं, वकिलाचा सल्ला आहे, छापा."

मंगळवारी सकाळी सात वाजता फोन वाजला.

"वहिनी," पलीकडून कुणीतरी सौदामिनीबाईंना विचारलं, "साहेब बरे आहेत ना? पेपर बघून काळजात धस्स झालं!"

रेणुकादासांनी पेपर ओढला. दोन्ही खुलासे पहिल्या पानावर, ठळक चौकटीत, शब्दन् शब्द बरोबर होते. फक्त छापखान्यात रविवारचा फोटो कापताना भलताच अर्धा राहिला होता. 'जिवंत आहेत' या मथळ्याखाली कोट घातलेले रेणुकादास निटूरकर वाचकांकडं बघत होते.

आठ वाजेपर्यंत अकरा जणांनी तब्येत विचारली. एक जण हार घेऊन दारापर्यंत आला आणि त्यांना बघून हार पाठीमागं लपवत परत गेला. नऊ वाजता लिंबाजी आला. पेपरची घडी त्यानं छातीशी धरली होती.

"फोटो चुकला हो तुमचा!" रेणुकादास ओरडले.

"फोटोचं काय करायचं? नाव माझंच हाय की," लिंबाजी म्हणाला. "मायच्या फोटोम्होरं ठिवतो." आणि तो मालविकेच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला.

रेणुकादासांचा पारा मात्र उतरेना. "जिवंत माणसाची ही थट्टा? निजामभाईंना मी सोडत नाही! ग्यानोबा! नोटीस घे लिहून!"

ग्यानोबा दारातच उभा होता. त्यानं काखेतला कागद पुढं केला.

"उत्तर तयार हाय साहेब. तेवढी सही करा."