खंडेनवमीचं फावडं

शुभंकरच्या नव्या गाडीला मागे दरवाजे नाहीत, हे मोहनाला गाडी घरी आल्यावर कळलं. तोवर पेढे वाटून झाले होते आणि सासूबाईंनी, म्हणजे कमलाबाईंनी, चाकांखाली लिंबंही ठेवली होती. दोन वर्षांच्या सानवीला कडेवर घेऊन मोहनाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"दार कुठंय?"

"हे काय, दोन आहेत की."

"मागचं."

"मागे बसायचं तर पुढची सीट दुमडायची. ही डोंगरदऱ्यांत जाणारी गाडी आहे, मोहना. दारं जितकी कमी, तितकी मजबुती जास्त."

त्यानंतरचे आठ महिने मोहना रोज सकाळी सीट दुमडत होती, एक पाय आत टाकत होती, छताला डोकं आपटत होती, सानवीला तिच्या छोट्या खुर्चीत बसवून पट्टा लावत होती आणि उलट्या पावली बाहेर येत होती. ती पूर्ण बाहेर आली, की सानवी आतून शांतपणे म्हणायची, "आई, बूट." बूट रस्त्यावर पडलेला असायचा.

एवढं करून गाडी जात होती कुठे, तर बडोद्यातल्या फतेगंजहून जवळच्या कोयलीला. शुभंकर तिथल्या रिफायनरीत इंजिनिअर होता. वाटेतला सगळ्यात बिकट अडथळा म्हणजे बाजव्याजवळचा एक गतिरोधक, आणि तो शुभंकर फार रुबाबात ओलांडायचा.

नवरात्र बसलं तेव्हा मोहनाने विषय काढला. "तुझ्या ऑफिसातले रमाकांत आहेत ना, त्यांना तुझी गाडी आवडलीय. त्यांची चार दारांची आहे. अदलाबदल करायला तयार आहेत. दसऱ्याला येतायत."

शुभंकरच्या हातातला साबुदाणा वडा दह्यात पडला. "मोहना, ही गाडी काय आहे ते तुला कळलेलंच नाही. मिलिटरीच्या ट्रकला जे जमतं ते हिला जमतं."

हे वाक्य त्याने चुकीच्या ठिकाणी म्हटलं. गॅलरीत मोहनाचे वडील चहा पीत बसले होते. सुभेदार संपतराव, सैन्यात एकतीस वर्षं ट्रक चालवलेले आणि त्यातली बारा वर्षं नव्या पोरांना ट्रक शिकवलेले. गुडघे दुखायला लागल्यापासून ते लेकीकडे राहत होते. छावणीच्या रस्त्यावरून ट्रक गेला, की न बघता, नुसत्या आवाजावरून कुठल्या गिअरमध्ये आहे ते सांगायचे.

"कुठल्या ट्रकला, जावईबापू?" त्यांनी गॅलरीतूनच विचारलं.

"कुठल्याही, आबा. हे बघा." शुभंकर मोबाइल घेऊन बाहेर आला. "जमिनीपासून उंची सव्वादोनशे मिलिमीटर. चढ चढायचा कोन एक्केचाळीस अंश. पाण्यात साडेसहाशे मिलिमीटरपर्यंत जाते. तुमच्या तीन टनी गाडीचा कोन किती होता?"

संपतरावांनी विचार केला. "तिला कोणी विचारलाच नाही. आम्ही फक्त 'चल' म्हणायचो."

"म्हणजे आकडा नाहीच."

"आकडा कशाला? ती यायची ना परत."

मोहनाने दोघांकडे पाहिलं. आठ महिने ती हेच ऐकत होती. तिने स्वयंपाकघराच्या दारातच निकाल लावला. "आबांनी परीक्षा घ्यायची. पास म्हणाले तर गाडी राहील, मी पुन्हा दाराचं नाव काढणार नाही. नापास म्हणाले तर दसऱ्याला रमाकांतांची गाडी घरी येईल."

"कबूल," शुभंकर म्हणाला. त्याला काळजी नव्हतीच. गाडीवर त्याचा जितका विश्वास होता, तितका त्याने स्वतःवर कधीच ठेवला नव्हता.

परीक्षेसाठी सुट्टीचा दिवस ठरला, तो नेमका खंडेनवमीचा. आता शुभंकरच्या घराण्यात खंडेनवमी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. त्याचे पणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत होते आणि त्यांची तलवार वर्षानुवर्षं या दिवशी पुजली जायची. पुढे वाटण्या झाल्या आणि तलवार थोरल्या घरी, जयवंतकाकांकडे गेली. तेव्हापासून कमलाबाई दर खंडेनवमीला पाटावर विळी, कात्री आणि शुभंकरचा लॅपटॉप मांडत आणि मनातल्या मनात झुरत. लॅपटॉपला कुंकू लावताना त्यांना पणजोबांची फार लाज वाटे.

त्या सकाळी सातलाच सगळे निघाले. पुढे शुभंकर आणि आबा, मागे मोहना आणि सानवी. मोहनाबरोबर दोन तासांच्या सहलीला लागतं तेवढंच सामान होतं. दोन पिशव्या, एक गोधडी, सानवीची फेसाची अक्षरांची चटई, आणि नदीवर वाळू आहे म्हटल्यावर सानवीने छातीशी धरलेलं लाल प्लॅस्टिकचं फावडं.

"जावईबापू, सामान बघितलं का?" आबांनी गाडी सुटण्याआधी विचारलं.

"मागे कायमचं असतं, आबा. फावडं, जॅक, ओढायचा पट्टा, साखळी. तयारी पक्की आहे."

"बघितलं का, असं विचारलं."

"आबा, ते कुठे जाणारे?"

मही नदीच्या काठी पावसाचं पाणी ओसरून वाळूचा मोठा पट्टा उघडा पडला होता. शुभंकरने चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला आणि गाडी वाळूत घातली. आणि खरं सांगायचं तर गाडी सुरेख चालली. उताराने उतरली, चढ चढली, घोटाभर पाण्यातून फवारे उडवत गेली. सानवी "अजून" म्हणाली. मोहनाचं डोकं एकदाही छताला लागलं नाही. आबा खिडकीबाहेर हात ठेवून इंजिनाचा आवाज ऐकत होते आणि त्यांची मान बारीकशी, होकारार्थी हलत होती.

ती मान शुभंकरला दिसली, तिथेच घोटाळा झाला. आठ महिने ज्याची वाट पाहिली ते कौतुक आबांच्या ओठांवर आलेलं होतं, आणि ते चालत्या गाडीत, इंजिनाच्या आवाजात वाया जावं असं त्याला वाटेना. पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूत, त्याने ब्रेक दाबला.

"थांबू नका," आबा म्हणाले.

पण तो थांबला होता. वळून, हसून त्याने विचारलं, "मग आबा? काय म्हणता?"

आबांनी खिडकीतून चाकाकडे बघितलं. डावं चाक हळूच खाली बसलं. शुभंकरने गाडी पुढे घेतली, ती गेली नाही. त्याने ॲक्सिलरेटर जोरात दाबला तशी चारही चाकं इमानदारीने फिरली आणि चारही बाजूंनी वाळू उडवत गाडी पोटावर बसली.

"जमिनीपासून उंची किती होती, जावईबापू?"

"सव्वादोनशे."

"आता?"

शुभंकरने दार उघडून खाली वाकून बघितलं. गाडी डावीकडे कलली होती आणि आबांच्या बाजूचं दार वाळूला टेकून वीतभरच उघडत होतं. त्यामुळे उतरायची वाट एकच उरली. आधी शुभंकर उतरला. मग आबा दुखरे गुडघे सांभाळत, गिअरचे दांडे ओलांडत, एकेका दांड्याला लष्करी शिवी देत बाहेर आले. मग ड्रायव्हरची सीट दुमडून पिशव्या, गोधडी, चटई, सानवी, मोहना आणि शेवटी बूट.

"आता फावडं काढा," आबा म्हणाले.

शुभंकरने मागचं झाकण उघडलं. फावडं नव्हतं. जॅक, पट्टा, साखळी, काहीच नव्हतं. त्या जागी एक झेंडूचं फूल होतं आणि एक सुपारी.

त्याने घरी फोन लावला. "आई, गाडीतलं सामान कुठंय?"

"पूजेत," कमलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका प्रसन्न होता. "पहाटेच काढून घेतलं. अरे, काय शोभा आलीय पाटाला. ती साखळी, तिचा तो आकडा, ते घडीचं फावडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शस्त्रांसारखं काही दिसतंय. जयवंतभावजींना फोटो पाठवला. जागा रिकामी नको म्हणून सुपारी ठेवलीय, दिसली का?"

"दिसली. आई, ते सगळं रिक्षाने पाठव. आम्ही नदीत अडकलोय."

"पुजलेलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत."

"आई, ते फावडं आहे."

"तुझ्या पणजोबांनी कधी मधेच तलवार मागितली नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आरती राहिली होती.

म्हशी घेऊन चाललेला एक म्हातारा थांबून सगळं बघत होता. "साहेब, आ रेती छे," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "रस्तो तो पेली बाजू."

"खबर छे, काका," शुभंकर म्हणाला. "ट्रॅक्टर मळशे?"

"मळशे ने. पण आजे तो पूजा. काले."

म्हणजे ट्रॅक्टर मिळणार तो उद्या. म्हशी निघून गेल्या. मोहनाने घड्याळात पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. तो आता गाडीसारखाच एका बाजूला कलला होता. चिडायची सगळी तयारी असून तिला चिडता येईना. "आबा, तुमचे ट्रक अडकायचे नाहीत का हो कधी?"

"रोज."

शुभंकरने मान वर केली. "मग निघायचे कसे?"

"मागे वीस-बावीस जवान बसलेले असायचे. फळी पाडली की उतरायचे, ढकलायचे, परत चढायचे. ट्रकची ताकद ती." त्यांनी दोन दारांकडे बघितलं. "तुमच्या गाडीतनं बावीस माणसं उतरेपर्यंत लढाई संपेल."

मग ते सानवीसमोर उकिडवे बसले. गुडघे कटकन वाजले. "सानूबाई, तुमचं फावडं द्या बरं."

"माझं," सानवी म्हणाली.

"तुमचंच. सरकारी कामाला पाहिजे."

सानवीने विचार करून दिलं, पण अट घातली. दर दहा फावड्यांनंतर एक तिने मारायचं. ती मारायची ते नेमकं उपसलेली वाळू परत खड्ड्यात टाकून, त्यामुळे काम जरा लांबलं. पाऊण तास एक इंजिनिअर हातांनी आणि एक सुभेदार लाल प्लॅस्टिकच्या फावड्याने चाकांपुढची वाळू काढत होते. मोहनाने चटईचे तुकडे सोडवले आणि चाकांपुढे सरळ रांगेत लावले. उजवीकडे क, ख, ग, घ. डावीकडे च, छ, ज, झ.

"आता चालवणार कोण?" आबांनी हात झटकत विचारलं.

"मी," शुभंकर म्हणाला.

"तुम्ही मागनं ढकलायचं. बावीस जवान तुम्ही. मोहना, बस."

आठ महिन्यांत मोहना त्या सीटवर कधी बसली नव्हती. पण तिला गाडी शिकवली होती आबांनी, पंधरा वर्षांपूर्वी, उघड्या मैदानावर, आणि वाळूत काय करायचं ते तिच्या पायांना अजून आठवत होतं. तिने दुसरा गिअर टाकला, क्लच हळू सोडला, ॲक्सिलरेटरला जेमतेम अंगठा लावला. शुभंकरने खांदा लावला. गाडी हलली, क वर चढली, ख वर चढली, घ मागे उडून शुभंकरच्या पोटावर बसला, आणि मोहना न थांबता, एकदाही मागे न बघता थेट कडक जमिनीवर जाऊन उभी राहिली.

बाकीची तिघं चालत तिथे पोचली. शुभंकरच्या भुवयांतसुद्धा वाळू होती. त्याने चारही टायर बघितले, बॉनेटवर हात ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सांगा आबा. एकदाचं सांगून टाका. रमाकांतला फोन करतो."

"कशाला?"

"नापास ना?"

"गाडी पास आहे," आबा म्हणाले. "थांबला नाहीत तोवर उत्तम चालली, निघालीही स्वतःच्या चाकांवर. नापास ड्रायव्हर आहे. फौजेत अशा वेळी ट्रक बदलत नाहीत, जावईबापू. ड्रायव्हर बदलतात."

शुभंकरने मोहनाकडे पाहिलं. ती आरसा आपल्या उंचीला जमवत होती.

"आबांचे गुडघे वाईट आहेत, ते पुढे बसतील," ती म्हणाली. "चल, आरती तर गेली, जेवणापर्यंत तरी पोचू. फावडं तुझ्याकडे ठेव, हरवलंस तर ती रडेल."

आबांनी आपल्या बाजूची सीट दुमडून धरली. शुभंकरने सानवीला उचललं, एक पाय आत टाकला, छताला डोकं आपटलं, तिला खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, आणि स्वतःला दोन पिशव्या आणि आठ अक्षरांच्या मध्ये कसंबसं कोंबलं. आबांनी सीट सरळ केली. मोहनाने गाडी सुरू केली.

"बाबा," सानवी शांतपणे म्हणाली, "बूट."

तो खिडकीतून वाकून बघायला गेला. मागे खिडकी उघडतच नव्हती.