उंचवटा विचारणारे सोपानतात्या

सोपानतात्या कुठंही गेले की पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी विचारायचे, "हितनं उंचवटा कुठल्या अंगाला?" मग ते लग्नघर असो, बारामतीचा बाजार असो, नाहीतर इंदापूरची कचेरी. माझ्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीला पाहुणे आले, तेव्हा शेजारी म्हणून तात्यांनाही बैठकीला बसवलं होतं. मुलाचे वडील आपल्या जमिनीचं सांगू लागले, तर तात्या म्हणाले, "जमीन ऱ्हाऊ द्या. घराच्या मागं चढ हाय का उतार?" उतार आहे म्हटल्यावर त्यांनी हातातली सुपारी तबकात परत ठेवली. ती सोयरीक काही जमली नाही.

आमचं गाव नीरेच्या काठी, नरसिंहपूरच्या जरा वर. तिथं नीरा भीमेला मिळते. भीमा तुडुंब भरली की नीरेला पुढं जायला जागा राहत नाही, आणि तिचं पाणी उलटं आमच्याकडं चढतं. आमच्यावर आभाळ कोरडं असलं तरी. तात्यांची सगळी भीती या पाण्याची. "फुडनं येणारं निदान दिसतं तरी," ते म्हणायचे, "ह्ये मागनं येतं. आवाज न्हाय, काय न्हाय." असं बोलता बोलता ते मागं वळून बघायचे. आम्ही हसायचो, आणि हसता हसता आम्हीही बघायचो.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. गावोगावी सहकाराचं वारं होतं. आमच्या तीन गावांनी मिळून सोसायटी काढली, आणि तात्यांना कुणाशी वैर नाही म्हणून पंचांत घेतलं. पहिलंच काम निघालं खताच्या न् बियाण्याच्या गोदामाचं. ओढ्यापलीकडच्या गावचे पाटील आपली जागा फुकट द्यायला तयार होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा तात्या उठले.

"पाटील, वढा भरल्यावर खालची आळी तितं कशी येणार?"

खालची आळी म्हणजे गावानं वेशीबाहेर ठेवलेल्या लोकांची, नदीलगतची घरं. पाणी पहिल्यांदा त्यांच्या उंबऱ्याला लागायचं.

"तात्या, गोदाम खताचं हाय, माणसांचं न्हाय," पाटील म्हणाले.

"आज खताचं हाय," तात्या म्हणाले आणि खाली बसले.

मग त्यांनी पाटलांचा पिच्छाच पुरवला. उजाडलं की ओढा ओलांडून पाटलांच्या ओट्यावर हजर, आणि रात्री स्वप्नात पाणी कुठवर आलं होतं ते सांगायचं. काल जोत्यापर्यंत, आज देव्हाऱ्यापर्यंत. शेवटी पाटलीणबाईंची झोप उडाली, आणि गोदाम ओढ्याच्या अलीकडं, तिन्ही गावांमधल्या माळावर बांधायचं ठरलं. ते होतंय तोवर तात्यांनी किल्लीचं काढलं. "किल्ली एकाच घरात, आन त्येच घर पाण्यात असलं तर?" म्हणून प्रत्येक गावात एक किल्ली, आणि एक खालच्या आळीतल्या धोंडाबाईकडं. यावरून बरीच कुरकुर झाली. दोघा पंचांनी तात्यांशी बोलणं सोडलं. पण तात्यांचं उत्तर एकच, "मला भ्या वाटतं." भित्र्या माणसाशी वाद तरी काय घालायचा?

श्रावणात एका सकाळी मी वांगी तोडत होतो. लख्ख ऊन पडलं होतं. सरीत पाणी चमकलं, तेव्हा मला वाटलं पाट फुटला. पण पाटाचं पाणी खळखळतं, हे गप्प होतं. विहिरीत डोकावलो तर गढूळ पाणी काठाला आलेलं. तेवढ्यात तात्या धावत आले. वर्षभर पाणी पाणी म्हणणाऱ्या माणसाचा आवाज ऐन वेळी गेला होता. त्यांनी नुसता माझा हात धरला आणि ओढला. मला वाटलं माळाकडं. पण ते खाली निघाले.

खालच्या आळीत गुडघाभर पाणी होतं. कोंबड्या बाभळीवर चढल्या होत्या, पाण्यातून एक साप आमच्याबरोबरच वरच्या बाजूला चालला होता. तात्यांचे दात वाजत होते. तसेच ते दारोदार शिरत होते, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून बाहेर काढत होते. मागच्या घराची भिंत खचली तसे ते मटकन पाण्यातच बसले, आणि मग उठून पुढच्या दारात शिरले.

आम्ही माळावर पोचलो तेव्हा गोदामाला कुलूप होतं. आमच्या गावची किल्ली ज्यांच्याकडं, ते बारामतीला गेलेले. पाटील कामानिमित्त आमच्या बाजूला आले होते, त्यांची किल्ली भरलेल्या ओढ्यापलीकडं घरी. तिसऱ्या गावची वाटही पाण्याखाली. धोंडाबाई वर आली, कनवटीची किल्ली काढली. पाटील बाजूला सरले. तिनं दार उघडलं, आणि तिच्या मागून सगळे आत गेलो. त्या दिवशी सगळ्यांचा भात एका चुलीवर शिजला.

माणूस एकही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी लोक निघायची भाषा करू लागले, तर तात्या दारात आडवे आले. "इतक्यात नगा जाऊ. पानी परत चढतंय." बायका घाबरून पुन्हा पोत्यांवर बसल्या. दुपारी परत तेच. मी उतरून बघून आलो. नीरा पात्रात गेली होती आणि चिखलात बगळे फिरत होते.

परत आलो तर धोंडाबाईची तान्ही नात तात्यांच्या मांडीवर झोपलेली. पायाला मुंग्या आल्या असाव्यात, पण ते हलत नव्हते.

"तात्या, पाणी उतरलंय," मी हळूच म्हणालो.

"ठावं हाय मला."

ते त्या पोरीकडंच बघत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सोलापूरच्या गिरणीत, घरात ते एकटे.

"काल मानसांच्यात निजलो," ते म्हणाले. "सारी रात झोप लागली. सपान बी न्हाय पडलं."

बाहेर पाटील जोडे घालत होते. काय बघून आलास, म्हणून त्यांनी विचारलं.

"अजून ओढ आहे पाण्याला," मी म्हणालो. "आजच्या दिवस सगळ्यांनी इथंच राहावं."